न दुखणाऱ्या पायांनी आनंदवनात

चपला काढा. घड्याळ, मोबाइल, चष्मा, गाडीची किल्ली सगळं इथेच ठेवा. जिथे निघालोय तिथे त्यातलं काही चालत नाही. आणि निघण्याआधी हाताची बोटं एकदा नीट बघून घ्या. परत येताना दहाच्या दहा असतील, असा शब्द मी देत नाही.

साल 1952. भंडारा जिल्हा, मोहाडीच्या बाजूचं धानाचं गाव. एप्रिल संपत आलाय. बांध्या रिकाम्या, भेगाळलेल्या, आणि गावभर वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोडसर, डोकं जड करणारा वास. तुम्ही बावीस वर्षांचे आहात. घर गावात होतं. आता तलावाच्या पाळीखाली पळसाच्या पानांनी शाकारलेली ही झोपडी, तेच घर. सकाळी आई येते. वीस पावलांवरच्या दगडावर भात आणि लाखोळीचं वरण ठेवते, मागे सरकते, तुम्ही ते उचलल्यावर मग बोलते. धाकट्या भावाचं लग्न ठरतंय. त्या लग्नात तुम्ही कुणाला दिसू नये, हे सांगायला ती आज आली आहे. सांगत नाही. नुसती उभी राहते. तुम्ही भात खाता.

या नव्या शरीराबद्दल एक सूचना. ऊन, घाम, भूक, डास, लाज हे सगळं तुम्हाला पूर्वीइतकंच जाणवेल. फक्त मनगटाखाली आणि घोट्याखाली काही लागणार नाही. चुलीत लाकूड सारताना बोट भाजतंय, हे तुम्हाला आधी वासावरून कळतं. बाभळीचा काटा तळपायात घेऊन तुम्ही दिवसभर फिरू शकता. रात्री उंदीर येतो, बोटाचं टोक कुरतडतो, तुम्ही घोरत असता. सकाळी अंथरुणावरच्या डागावरून हिशेब लागतो. महारोगाने बोटं झडतात असं गाव म्हणतं. रोग बोटं खात नाही हो. तो नसा मारतो आणि बाजूला होतो. पुढचं काम निखारे, काटे, उंदीर करतात.

आंधळगावच्या बाजारात कुणीतरी सांगितलंय की तिकडे वरोऱ्याला एक वकील महारोग्यांना घेऊन माळावर राहतो. बायको आणि दोन लहान मुलांसकट. तुमचा विश्वास बसत नाही, पण भावाचं लग्न जवळ आलंय. रात्री निघायचं. वरठीच्या स्टेशनावर, भंडारा रोडवर, अंगावर धोतराचा पंचा असा घ्या की फक्त डोळे दिसतील. रोग दिसला तर गाडीत बसू देणार नाहीत. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात संडासाजवळचा कोपरा तुमचा. खिडकीतून कोळशाचे कण येतात, शेजारची बाई शिदोरी सोडते, कांद्याचा वास सुटतो, आणि तुमची भूक एवढी मोठ्याने बोलते की ती वळून बघते. तिची नजर तुमच्या हातावर पडते. शिदोरी पुन्हा बांधली जाते. नागपूरला गाडी बदला. वर्ध्यावरून पुढे वरोरा.

मे महिना, दुपार, आनंदवन. आता वरोऱ्याचं ऊन बघा. धानपट्ट्यात तलाव असतात, झाडं असतात. इथे सरकारने दिलेली 50 एकर जमीन म्हणजे खडक, बोरीची काटेरी झुडपं आणि विंचू. गरम हवा नाकातून आत गेली की डोक्याच्या मागच्या बाजूला चटका बसतो. झोपड्यांना धड भिंती नाहीत. बिबट्या कुत्री उचलून नेतो, हे तुम्हाला पोचल्यापोचल्या सांगितलं जातं, थोड्या अभिमानाने.

बाबा आमटे तुम्हाला ओळखू येणार नाहीत. वकील म्हणून तुम्ही काळा कोट शोधताय, आणि समोर बनियन-अर्धी चड्डी घातलेला, घामाने निथळणारा माणूस. तो तुमचा हात हातात घेतो. जखमेचा हात. तुम्ही ओढून घ्यायला जाता, तो सोडत नाही. दोन वर्षांत तुम्हाला कुणी शिवलेलं नाही, आणि आता शिवलंय तर तळहाताला ते कळत नाही. मनगटाच्या वर, जिथे त्याचं बोट टेकलंय तेवढ्या जागी मात्र कळतं. तेवढी जागा लक्षात ठेवा.

इथे येऊन जेमतेम वर्ष झालेले सहकारी आधीच म्हाताऱ्या खोडांच्या थाटात गोष्टी सांगतात. सहा रोगी होते, एक लंगडी गाय, एक कुत्रं आणि खिशात 14 रुपये. मागच्या जूनमध्ये विनोबा येऊन उद्‌घाटन करून गेले. पहिली विहीर खणायला घेतली तेव्हा हत्यारं धड नव्हती. 33 फुटांवर पाणी लागलं. "कोन्या गावचा गा तू?" एकजण विचारतो. भंडाऱ्याकडचा म्हटल्यावर हसतो. "मंग भात विसर. इथं भाकर."

आणि खरंच भाकर. ज्वारीची, जाड, करपलेल्या कडांची. तुम्ही ती वरणात बुडवून भातासारखी कालवता, सगळे हसतात. त्या पंगतीत कुणी वीस पावलं मागे सरकून बसलेलं नाही, हे तुमच्या लक्षात यायला चार-पाच दिवस लागतात.

उद्यापासून काम. पहार तुमच्या पंजात राहत नाही, बोटं आत वळलेली आहेत. फडक्याने ती हाताला बांधून घ्या. पहार दगडावर आपटली की दणका थेट खांद्यात कळतो, मधला हात जणू कुणा दुसऱ्याचा आहे. संध्याकाळी रांगेत बसायचं. पोटॅशच्या जांभळ्या पाण्यात पाय, मग जखम धुणं, मग पट्टी. वास सांगायलाच हवा: पिकलेल्या जखमेचा, फिनेलचा आणि कुठूनतरी येणाऱ्या फोडणीचा, तिन्ही एकाच श्वासात. पहिल्या आठवड्यात ओकारी येईल. दुसऱ्यात फक्त फोडणीचाच वास येईल. सुई बाबा स्वतः देतात, त्यांच्या पत्नी साधनाताई पट्ट्यांचं बघतात, आणि विकास-प्रकाश ही त्यांची पोरं याच जखमांच्या गर्दीत लंगडी खेळतात. पोरांना रोग होईल म्हणून तुम्हीच त्यांना हाकलता. ती ऐकत नाहीत.

भाजी पिकते. वांगी अशी की वरोऱ्याच्या बाजारात कुणाची नसतील. तुम्ही टोपली घेऊन जाता आणि टोपली तशीच परत आणता. महारोग्याच्या हातची भाजी कोण खाणार? दूधही परत येतं. तुम्ही सगळे रात्री वांगी खाता, सकाळी वांगी खाता. मग 1954 मध्ये पन्नासेक परदेशी पोरं-पोरी येऊन ठाकतात, लालबुंद झालेली, टोप्या घातलेली, आंतरराष्ट्रीय सेवादलाची. विटा वाहतात, भिंती बांधतात, तुमच्यासोबत जेवतात. वरोऱ्याची माणसं गोरी माणसं बघायला येतात. गोऱ्या माणसांना तुमची वांगी खाताना बघतात. काही दिवसांनी बाजारात तुमच्या टोपलीपुढे पहिली बाई थांबते आणि भाव करते. घासाघीस करते! दोन पैसे कमी कर म्हणते. तुम्ही कमी करत नाही. आयुष्यात एवढी मजा तुम्हाला कधी आलेली नाही. (गोऱ्या माणसाने खाल्लं म्हणून आपण खाल्लं, यावर मला बरंच बोलता येईल, पण वांगी विकली गेली, ते महत्त्वाचं.)

थोडं भरभर चला, मधली वर्षं मेहनतीची आणि एकसारखी आहेत. विहिरी, गोठे, हातमाग, छपाई, पत्र्याचे डबे. 1964 मध्ये तुम्ही आणि तुमच्यासारख्यांनी बांधलेल्या इमारतींत आनंद निकेतन महाविद्यालय सुरू होतं. ज्या गावाने दूध नाकारलं त्या गावाची पोरं सायकली टेकवून तुमच्या भिंतींच्या आत शेक्सपियर शिकतात. तुम्ही बाहेर चुना लावत असता. 1967 पासून मूल गावाजवळ सोमनाथला नवी वसाहत उभी राहते, जंगलालगत, धानाच्या मुलखात. तिकडचा तांदूळ आनंदवनात येतो, आणि पंधरा वर्षांनी तुमच्या ताटात रोजचा भात पडतो. त्या दिवशी तुम्ही भाकरीला हात लावत नाही. शेजारचा चांद्याचा माणूस म्हणतो, "याले आता सांभाळा, हा जमिनीवर चालनार नाही."

तुमचं लग्नही झालंय. तीही इथलीच, यवतमाळकडची, नवऱ्याने टाकलेली. (कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात 2019 पर्यंत होतं, तिला तर कागदाचीही गरज पडली नव्हती, तिला नुसतं बैलगाडीत बसवून आणून सोडलं होतं.) लग्नाआधी पुरुषाने नसबंदी करून घ्यायची, हा तिथला तेव्हाचा नियम. तुम्ही केलीत. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे ते शहाणपणाचं होतं, आज ऐकताना अंगावर येतं, आणि दोन्ही खरं आहे. बायको त्यावर फारसं कधी बोलली नाही. पाळणाघरातल्या पोरांची झबली मात्र तीच शिवायची, वळलेल्या बोटांत सुई धाग्याने बांधून.

आता जरा थांबा, कारण इथे या जागेची गोष्ट वळते आणि ते वळण फार कुणाच्या लक्षात आलं नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात नव्या गोळ्या आल्या आहेत, तीन औषधं एकत्र, महिन्या-महिन्याच्या पाकिटात. एका गोळीने लघवी लाल होते, दुसरीने कातडी काळपट पडते, आणि महिन्याचा एक डोस समोर उभं राहून घ्यावा लागतो. तुम्ही डॅप्सोनच्या जुन्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्यात. या गोळ्या एक-दोन वर्षांत, कुणाकुणाला सहाच महिन्यांत, रोग धुऊन काढतात. घरी बसून. तुमच्या मोहाडीकडचा एखादा बावीस वर्षांचा पोरगा, पाठीवर बधिर चट्टा उठलेला, आता आरोग्य केंद्रातून पाकीट नेतो आणि धान कापायला जातो. बोटं शाबूत. लग्न ठरलेलं. त्याला वरोऱ्याला यायची गरजच उरलेली नाही.

यासारखी आनंदाची बातमी नाही. तिचा परिणाम तुम्हाला पंगतीत दिसतो. फाटकातून पूर्वी आठवड्याला कुणीतरी पंचा पांघरून यायचं. आता तरुण येणं हळूहळू थांबतं. पहार उचलणारे खांदे झुकतात, माग चालवणारी बाई बसूनच राहते. रोग बरा होऊन तीस वर्षं झालेली माणसं, जायला घर नाही, मूल नाही, आणि वय साठ-सत्तर. आनंदवनात एक दिवस ठरवून म्हाताऱ्यांना आणून ठेवलं नाही कुणी. विहीर खणणारेच म्हातारे झाले. मग त्यांच्यासाठी स्नेहसावली झाली: वृद्ध कुष्ठमुक्तांचं घर, जिथे आता तुमची खाट आहे.

तर चला खाटेवर. तुम्ही पंचाहत्तरीचे आहात आणि सकाळचे पाच वाजलेत.

डोळे उघडायचा प्रश्न नाही, ते रात्रभर अर्धे उघडेच होते. पापण्यांचे स्नायू गेलेत. बुबुळ कोरडं पडतं, म्हणून रात्री ओलं फडकं, दिवसा चष्मा, आणि बायको मध्येच ओरडते, "डोळे मिटा!" म्हणजे मुद्दाम, ठरवून, जोर लावून मिटा. बाकी जग नकळत पापणी लववतं, तुम्हाला ते काम म्हणून करावं लागतं. मग पायांची तपासणी. खाली वाकता येत नाही, म्हणून आरसा जमिनीवर ठेवून तळवा बघायचा. लाल झालंय का? कुठे गरम लागतंय का? तेही हाताने कळत नाही, मग बायको स्वतःच्या दंडाने तपासते. पाय पाण्यात, मग तेल, मग मऊ रबराच्या तळव्याची, मापाने शिवलेली चप्पल. पन्नास वर्षांपूर्वी टायरचा तळवा होता. या चपलेवर तुमचा एवढा जीव आहे की ती उशाशी ठेवून तुम्ही झोपता. चुकून कुणी दुसऱ्याने घातली तर वसाहतीला ऐकू जाईल असं भांडण होतं.

म्हातारपण सगळ्यांना येतं, पण तुमचं जरा उलट्या क्रमाने आलंय. इतरांची बोटं सत्तरीत थरथरू लागतात. तुमची पंचविशीतच गेली. शर्टाची गुंडी, चहाची पितळी, जेवणाचा चमचा पट्ट्याने हाताला बांधणं, या सगळ्या युक्त्या तुम्ही तरुणपणी शिकलात. म्हणून स्नेहसावलीत रडारड कमी आणि चिडचिड जास्त. भाजीत मीठ कमी. दूरदर्शनचा आवाज कमी. पंखा हळू. कुणाला भजन हवंय, कुणाला क्रिकेट. ज्याला दिसतं तो न दिसणाऱ्याला नेतो, ज्याचे पाय धड आहेत तो पाय नसलेल्याची तीनचाकी ढकलतो, आणि वाटेत दोघं एकमेकांना शिव्या देतात. दुपारी अडीचला कूलरच्या वाळ्याचा वास, उकडलेल्या पट्ट्यांची वाफ, बाहेर सेहेचाळीस अंश आणि आत सात जणांचं घोरणं.

अधूनमधून मोहाडीहून पुतण्या येतो. गोड बोलतो, संत्री आणतो, आणि शेताच्या कागदावर अंगठा मागतो. तुम्ही दोन्ही हात पुढे करता. अंगठा कुठला घेऊ काका, असं त्याला म्हणता येत नाही. मग सही चालेल का, यावर दोघं बसता. पुढे आधारचं यंत्र येतं तेव्हा हाच विनोद सरकारी थाटात होतो: काचेवर बोट ठेवा. कुठलं? ठेवा हो. ज्यांना बोटंच नाहीत अशांसाठी नियमात सोय आहे, पण यंत्रापुढचा पोरगा नवीन आहे. तो तुमचा हात काचेवर इकडे-तिकडे दाबतो आणि घाम पुसतो. शेवटी मागून एक म्हातारी म्हणते, "बाबू, नाक दाबून पाह्य, तेही नाही आमचं." पोरगा हसावं की नाही या विचारात असतो. रांग हसून घेते.

2008 चा फेब्रुवारी. बाबा गेले. त्यांच्या पाठीच्या कण्याने त्यांना कित्येक वर्षं बसू दिलं नव्हतं. उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं, प्रवासही आडव्याने. तुमच्यापैकी सगळ्यात हट्टी म्हातारा तोच होता. गर्दी अशी की तुमची तीनचाकी कुणीतरी डोक्यावरून पुढे नेली. त्यांना जाळलं नाही, इथल्याच मातीत पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीची रांग ठरल्या वेळी लागली, आणि जी परिचारिका रडत होती तिला तुम्ही सांगितलंत की पट्टी सैल बांधलीस.

शेवटचा टप्पा. आजचं आनंदवन. सकाळी शाळांच्या सहलींच्या बस येतात. पोरं रांगेने हातमाग बघतात, लोखंड न वापरता बांधलेली घुमटाची घरं बघतात, टायर रचून घातलेले बंधारे बघतात. स्वरानंदवनचा वाद्यवृंद गावी असेल तर ढोलकीचा सराव ऐकू येतो. वाजवणारा, गाणारा, नाचणारा, प्रत्येकाचं काही ना काही कमी, आणि आवाज मात्र पूर्ण. सहलीतली पोरं स्नेहसावलीपाशी आली की गप्प होतात. बाईंनी सांगितलेलं असतं, नमस्कार करा. एखादं धीट पोरगं विचारतं, आजोबा, दुखतं का? नाही, तुम्ही म्हणता, आणि त्याला ते वाईट का, हे समजावायला बस सुटेपर्यंतचा वेळ पुरत नाही.

खाटा रिकाम्या होतायत. विहिरीच्या वेळचं आता कुणी उरलेलं नाही, तुमच्यासारखे थोडे मागून आलेले आहेत. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात रोग अजून सापडतो, पण रोगी पाकीट घेऊन घरी जातो. त्याऐवजी इथे दुसरेच म्हातारे दिसू लागलेत. उत्तरायण नावाचं घर आहे, ज्येष्ठांचं, कुठलाही रोग नसलेल्यांचं. बोटं दहा, पापण्या मिटतात, पेन्शन येतं, मोबाइलवर नातवंडांचे फोटो. फक्त संध्याकाळी सहा वाजले की ही माणसं फाटकाकडे बघत बसतात. तुम्ही पंधरवडाभर त्यांना बघता आणि तुम्हाला कळतं की ही मंडळी नवशिकी आहेत. आपलं माणूस न येण्याचा त्यांना सराव नाही. तुमचा आयुष्यभराचा आहे.

म्हणून आज तुम्ही तीनचाकी त्यांच्या ओट्यापाशी नेता. नागपूरचे एक निवृत्त हिशेबनीस बसलेत, इस्त्रीचा शर्ट, हातात कालचा पेपर. कंटाळा येतो म्हणतात. काही काम करावं म्हटलं तर आयुष्यभर आकड्यांशिवाय काही केलं नाही, मला काही येत नाही हो. तुम्ही मांडीवरची टोपली त्यांच्यापुढे सरकवता. मेथी आहे, दोन जुड्या, ओली, माती लागलेली. ते टोपलीकडे बघतात, मग तुमच्या हाताकडे, मग स्वतःच्या बोटांकडे.

"देठ नको, नुसती पानं," तुम्ही सांगता. "आणि जरा हात चालवा, स्वयंपाकघरात अकराला द्यायची आहे."